बोटांचे मोजे आणि पायाचा वाफसा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस बोलायला उभा राहिला की तो बियाणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर बोलणार अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र मी मोज्यांवर बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु ऐन लावणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत पायाला चिखल्या झाल्या आणि घरातले एक माणूस चार दिवस बसून राहिले, तर होणारे नुकसान आपण कोणत्याही हिशेबाच्या वहीत मांडत नाही. बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावतो. स्वतःच्या पायाकडे मात्र चालणे अशक्य झाल्याशिवाय पाहत नाही.

बोटांचे मोजे म्हणजे हातमोज्यासारखे, पायाच्या प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटे एकत्र, असे मोजे आपल्याकडील स्त्रिया अंगठ्याच्या चपलेत घालतात, ते आपण पाहिले आहेत. पाचही बोटे वेगळी असलेला मोजा ही त्याची पुढची पायरी होय.

चिखल्या का होतात?

पिकाच्या मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. शेतात पाणी साचले, निचरा झाला नाही, की मुळे गुदमरतात, सडतात आणि बुरशीचे फावते. म्हणून आपण चर काढतो आणि वाफसा येण्याची वाट पाहतो. पायाच्या बोटांमधील बेचक्यांचेही असेच आहे. तळपायाला घाम भरपूर येतो. बोटे एकमेकांना चिकटलेली असल्याने बेचक्यात हवा खेळत नाही. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांमधील जागा सर्वांत अरुंद असते. त्यामुळे चिखल्यांची सुरुवात बहुधा तेथूनच होते. ओलाव्याने कातडी पांढरी पडते, फुगते, सोलवटते, नंतर चिरते, आणि मग बुरशी व जिवाणू आत शिरतात.

ही चीर दिसायला लहान असली तरी ते रोगाला उघडे राहिलेले दार असते. त्यातून जिवाणू शिरले तर पाय लाल होऊन सुजतो, ताप भरतो. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही अशाच चिरलेल्या किंवा पाण्याने मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात जातात. जुलै २००५ मधील मुंबईच्या महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. भातखाचरात काम करणाऱ्यांना हा धोका दर पावसाळ्यात असतो.

मोज्याची रचना

साध्या मोज्यात पाचही बोटे एकाच पिशवीत असतात. कातडीला कातडी घासते आणि घाम बेचक्यातच राहतो. बोटांच्या मोज्यात दोन बोटांच्या मध्ये कापडाचे दोन पदर येतात. ते कातडी वेगळी ठेवतात आणि ओलावा शोषून घेतात. शेतात चर जे काम करतो, तेच काम येथे हे कापड करते. दोन बोटांमधील घर्षण थांबल्याने तेथे फोडही कमी येतात.

या मोज्यात डावा व उजवा असा भेद असतो. अदलाबदल करता येत नसल्याने झीज नेहमी एकाच जागी, बहुधा अंगठ्याच्या टोकाशी होते. ते टोक विकत घेतानाच पाहावे. विणकाम तेथे दाट असावे. आतील बाजूची शिवण बोट फिरवून पाहावी. ती सपाट असावी, टोचणारी नसावी. वरच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीवर खोल उमटत असेल तर तो मोजा घेऊ नये.

बोटे वेगळी करून पायताण बनविण्याची कल्पना जपानमध्ये जुनी आहे. तेथे अंगठा वेगळा असलेल्या कापडी मोज्यांना ‘तबी’ म्हणतात. कुरुमे गावचे शोजिरो इशिबाशी यांच्या घरचा व्यवसाय तबी बनविण्याचा होता. त्यांनी १९२३ पासून रबरी तळव्याची, कामावर घालण्याची तबी विकण्यास सुरुवात केली. ती कष्टकऱ्यांच्या पसंतीस उतरली. याच इशिबाशींनी १९३१ मध्ये ब्रिजस्टोन ही टायरची कंपनी काढली. ज्या कंपनीचे टायर आज जगभर धावतात, तिचे मूळ कष्टकऱ्याच्या पायताणात आहे.

कापड कोणते निवडावे?

हवेतील ओलावा धरून ठेवण्याची प्रत्येक धाग्याची ताकद वेगळी असते. सर्वसाधारण हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरतो, लोकर सुमारे १६ ग्रॅम धरते, तर पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. सुती मोजा घाम चांगला शोषतो, पण लवकर वाळत नाही. निव्वळ पॉलिस्टरचा मोजा लवकर वाळतो, पण घाम स्वतःत सामावून घेत नाही. म्हणून गमबुटात दिवसभर काम करणाऱ्यांनी सूत आणि कृत्रिम धागा यांचे मिश्रण असलेला, थोडा ताणला जाणारा मोजा घ्यावा. उन्हाळ्यात चपलेत घालण्यास सुती मोजा चांगला.

कोणी व केव्हा वापरावा?

गोठ्यात, पॉलिहाउसमध्ये, उसाला दारे धरताना किंवा फवारणी करताना आपण रबरी बूट घालतो. पाणी बाहेर राहते, पण घाम आत कोंडतो. तेथे बोटांच्या मोज्याचा खरा उपयोग आहे. बूट मात्र पुढच्या बाजूस रुंद हवा, कारण कापडामुळे बोटे थोडी फाकतात. फवारणीत मोजा हे संरक्षण नव्हे. संरक्षण बुटाचे असते. औषध सांडून मोजा भिजला तर तो लगेच काढावा आणि पाय साबणाने धुवावा, कारण भिजलेले कापड विष कातडीला धरून ठेवते.

भात लावणीच्या वेळी चिखलात हा मोजा घालून उतरू नये. ओला मोजा अनवाणी पायापेक्षा वाईट. लावणीला जाण्यापूर्वी निरोगी कातडीवर बेचक्यांत व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. परत आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचके फडक्याने पुसावे, दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच कोरडा मोजा घालावा. पायाचा वाफसा तो हाच.

भगिनींसाठी एक सूचना. जोडव्यांखाली चिखल व ओलावा अडकून राहतो आणि मोज्याचे विणकामही जोडव्यांत अडकून उसवते. शक्य असेल तर लावणीच्या हंगामात जोडवी सैल ठेवावीत. निदान रोज फिरवून त्याखालची जागा पुसावी.

ज्यांची बोटे वाकडी आहेत किंवा सुजलेली आहेत त्यांनी हा मोजा ओढूनताणून घालू नये. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर शिवण रुतली तरी कळत नाही. अशा व्यक्तींनी रोज रात्री उजेडात पाय तपासावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली धरावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावा.

घालण्याची पद्धत

प्रथम नखे सरळ रेषेत कापावीत. वाढलेले नख मोज्याचे टोक आठ दिवसांत फाडते. मोजा टाचेपर्यंत गोळा करून घ्यावा. आधी अंगठा बसवावा, मग एकेक बोट करंगळीपर्यंत. प्रत्येक कप्पा बेचक्याच्या तळापर्यंत गेला आहे याची खात्री करूनच टाच ओढावी. घाईने ओढल्यास दोन बोटे एका कप्प्यात जातात आणि मोज्याचा हेतूच फसतो.

धुणे व वाळवणे

मोज्याची निगा राखली नाही तर तोच बुरशीचे घर बनतो. रोग बरा होऊन पुन्हा उलटण्याचे एक कारण न धुतलेला मोजा हे असते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) एक मोजा एकच दिवस वापरावा. निदान तीन जोड ठेवून त्यांची फेरपालट करावी.

२) मोजा उलटा करून प्रत्येक बोट बाहेर काढावे, कारण कातडीचे कण व बुरशी आतल्या बाजूस असतात.

३) चिखल्या असल्यास मोजे घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. ही बुरशी कोमट पाण्याने मरत नाही; सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. उकळते पाणी आणि साधे पाणी सारख्या प्रमाणात मिसळले की जवळपास तेवढे तापमान मिळते. त्यात कपड्यांची पावडर टाकून मोजे अर्धा तास भिजत ठेवावेत व भांडे झाकावे. चुलीवर मोजे उकळू नयेत. इलॅस्टिक सैल पडते.

४) मोजे पिळताना बोटे पिरगळू नयेत. दाबून पाणी काढावे आणि उलट्या स्थितीतच कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर वाऱ्यावर टांगावेत. दमट मोजा दुसऱ्या दिवशी घालू नये.

५) बुटांनाही विश्रांती द्यावी. रात्री गमबूट काठीवर उपडे टांगून आतून कोरडे होऊ द्यावेत.

६) औषध सांडलेले मोजे वेगळ्या भांड्यात, रबरी हातमोजे घालून धुवावेत. धुण्याचे पाणी विहिरीपासून आणि जनावरांच्या हौदापासून दूर टाकावे.

मोजा म्हणजे औषध नव्हे

मोज्याने चिखल्या टळण्यास मदत होते. झालेला रोग त्याने बरा होत नाही. बुरशीनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावावे. अर्ध्यावर सोडलेली फवारणी जशी वाया जाते, तसेच हेही. दुकानदाराने सहज काढून दिलेल्या मलमात स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो, पण बुरशी आतून पसरते व पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. रॉकेल किंवा बॅटरीचे पाणी जखमेवर मुळीच लावू नये. पाय लाल होऊन सूज वर चढू लागली, किंवा ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या व डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बंधू-भगिनींनो, बोटांचे मोजे साध्या मोज्यांपेक्षा महाग पडतात हे खरे. ते मिळाले नाहीत तरी अडू नये. साधा सुती मोजा रोज बदलला आणि बेचकी रोज पुसली तरी पुष्कळ साधते. मिळाले तर घरात जो माणूस सर्वांत जास्त वेळ बूट घालून काम करतो, त्याच्यासाठी आधी तीन जोड घ्यावेत. आणि आज घरी गेल्यावर सर्वांनी एक गोष्ट करावी. दिव्याच्या उजेडात बसून, करंगळी बाजूला करून तिच्या शेजारचे बेचके पाहावे. कातडी पांढरी, ओलसर दिसली तर निचऱ्याचे काम आजच सुरू करावे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.