अम्मीचा गुडघा आणि वजनाचं गणित



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण दोन वर्षं झाली, सुट्टीत साताऱ्याला गेलो की अम्मीचं चालणं बघतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाताना ती दोनदा थांबायची. पाऊल लहान, चाल संथ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले राहण्याचा वेळ जास्त. वजन जास्त आणि गुडघा झिजलेला असला की चाल बहुधा अशीच होते. सांगलीच्या खालाचंही तेच. नमाज खुर्चीवर, त्याची सवलत आहेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोघींनी बाहेर पडणंच सोडलं होतं. आमच्या भाषेत हा लूप आहे: दुखतं म्हणून चालणं बंद, मांडीचे स्नायू अशक्त, वजन वाढतं, आणखी दुखतं.

अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात स्टीफन मेसियर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या १४२ वजनदार ज्येष्ठांची चाल मोजली. २००५ साली त्यांनी मांडलं की १ किलो वजन उतरलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो. म्हणजे ५ किलोंना २०. एका गुडघ्यावर हजार पावलं धरा, बेरीज २० टन! ऊस काट्यावर टनांत मोजणाऱ्या आपल्या भागात हा आकडा समजावून सांगायला नको. झीज भरून येत नाही, हेही खरं. पण २०१३ च्या त्यांच्याच दीड वर्षाच्या अभ्यासात, आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं दुखणं फक्त एकच गोष्ट करणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं.

हे सगळं वाचून मी अम्मीला ऐकवलं, "खाणं कमी कर." ती म्हणाली, "सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात मी खाते. आणि चालू कुठं, ते सांग."

मला उत्तर सुचलं नाही. पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्यांत आमच्या गल्लीतले पुरुष आहेत. बाई एकटी निघाली की चार जण विचारतात, कुठं निघाली? वजनाचा दोष मात्र तिच्याच माथी.

शेवटी खालानं शेजारच्या तिघींना गोळा केलं. असरनंतर वीस मिनिटं, सपाट रस्त्यानं. डॉक्टरांनी शिकवलेला मांडीचा व्यायाम घरी. ते ऐकून अम्मीनंही साताऱ्यात सुरू केलं. चहातली साखर आणि रात्रीचा भात निम्म्यावर आणला. सात महिन्यांत ४ किलो उतरले. दुकानापर्यंत ती आता एकदाच थांबते, तेही ओळखीचं कुणी भेटलं म्हणून, असं तिचं म्हणणं.