कोजागिरीचं दूध नऊलाच



दसरा उलटला की घराघरांत माळे आवरायला निघतात. बायपोलर आजार असलेलं कुणी घरात असेल, तर हे दिवस डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात. उन्हाळाभर अंथरूण न सोडणारी सून एकदम पहाटे चारला उठून भाजणी करते, रात्री एकला पडदे धुते. घरचे खूश, "आता कशी माणसांत आली!" डॉक्टर मात्र आधी विचारतात, झोपते किती?

या आजारात झोप उडाली की उत्साह चढतो आणि उत्साह चढला की उरलीसुरली झोपही जाते. त्यातून उन्मादाचा झटका येऊ शकतो. म्हणून हुरूप असेल त्या दिवशीच हात आवरायचा. ठरवलेली तीन कामं झाली की चौथं उद्या. हे फार जड जातं. इतक्या दिवसांनी अंगात बळ आलेलं असतं ना!

याच आजारातल्या नैराश्याच्या काळात नेमकं उलटं. तिथे "बरं वाटलं की उठेन" म्हणत थांबलं तर उठणं होतच नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात हेच मांडलं: आधी कृती, उभारी मागाहून. पण कृती किती? अंघोळ. किंवा मेथीची जुडी निवडणं. "चल, सिंहगड चढून येऊ" हा घरच्यांचा प्रेमळ आग्रह त्या दिवशी नकोच.

मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी जी उपचारपद्धती बसवली, तीत रोजच्या पाच वेळा टिपतात: अंथरुणातून उठण्याची, पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. साधी वही पुरते. मन कसंही असो, या वेळा फार हलू द्यायच्या नाहीत.

या आजारावर लिथियमची गोळी घेणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. उन्हातान्हात घाम गाळणं, निर्जळी उपास, एकाएकी मीठ सोडणं यांनी रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि कोजागिरी? मसाला दूध नऊलाच प्यावं. चंद्र तेव्हाही वर आलेला असतो. जागरण ज्यांना झेपतं, त्यांनी खुशाल गच्चीवर भेंड्या लावाव्यात.