तयार सॅलडचे पाकीट : सोय आणि पोषण

(वार्षिक सभेत आहारशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



"धुतलेल्या, चिरलेल्या भाज्यांचे तयार पाकीट रुग्णाला दिले तर चालेल का?" हा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुधा घर, नोकरी आणि रुग्णसेवा अशी तिहेरी ओढाताण सोसत असते. म्हणून या सोयीची हेटाळणी करणे आम्हांस उचित वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. चिरण्यास वेळ नाही म्हणून ज्या घरी ताटाची डावी बाजू रितीच राहते, तेथे निरोगी माणसांसाठी पाकिटातील सॅलड निश्चितच बरे. त्यातील तंतुमय पदार्थ व खनिजे बहुतांशी टिकून असतात.

जीवनसत्त्वे मात्र तितकी टिकाऊ नसतात. भाजी चिरली की पेशी फुटतात आणि हवेच्या संपर्काने क जीवनसत्त्व घटू लागते. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या 2004 मधील अभ्यासात पाकीटबंद पालकातील फोलेट 4 अंश सेल्सिअस तापमानातही आठ दिवसांत जवळजवळ निम्मे झाले. 20 अंशांना तीच घट चार दिवसांत झाली. पाकिटातील प्राणवायू कमी ठेवल्याने पाने टवटवीत दिसतात. परंतु टवटवी म्हणजे पोषण नव्हे. यास्तव पाकिटावरील तारीख पाहावी, ते थंड कपाटातूनच घ्यावे आणि शक्यतो त्याच दिवशी संपवावे.

सोबतच्या ड्रेसिंगच्या पुडीत मीठ, साखर व तेल असते. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे 1 ग्रॅम मीठ; दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमहून कमी आहे. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती पुडी बाजूला ठेवून लिंबू पिळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी भाज्यांची निवडही आहारतज्ज्ञांना विचारूनच करावी.

सर्वांत गंभीर मुद्दा जंतुसंसर्गाचा. 2006 साली अमेरिकेत पाकीटबंद कोवळ्या पालकातून ई. कोलाय जंतूंचा संसर्ग पसरला. सुमारे 200 जण आजारी पडले, काहींची मूत्रपिंडे निकामी झाली, तिघे दगावले. एका शेतातील दूषित पाने कारखान्यात इतर पानांत मिसळली की दोष हजारो पाकिटांत पोहोचतो, आणि घरी धुऊन तो पूर्णपणे जात नाही. म्हणून केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि गर्भवती यांना असे कच्चे पाकीट देऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्यांना वाफवलेली वा शिजवलेली भाजी द्यावी.

इतरांसाठी आपली कोशिंबीर आहेच. काकडी, गाजर, टोमॅटो ऐनवेळी चिरण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यावरील तेलाची फोडणी वा दाण्याचे कूटही केवळ चवीपुरते नसते. गाजरातील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास स्निग्धांश लागतोच.

आप्तांनी प्रेमाने आणलेला घास रुग्णाला अपाय करू नये, एवढाच आमचा हेतू. रुग्णासाठी काही आणण्यापूर्वी आम्हांस अवश्य विचारावे. आपल्या शंकांचे आम्ही आनंदाने निरसन करू.