कारण फक्त तिलाच विचारलं जातं



संमेलनाच्या अध्यक्षाने गेम-उद्योगाची उलाढाल सांगावी, सरकारपुढे चार मागण्या ठेवाव्यात आणि खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत. उलाढालीचे आकडे सकाळच्या सत्रात सांगून झाले आहेत, मागण्यांचं निवेदन कार्यवाहांच्या पिशवीत आहे. त्यामुळे एकाच विषयावर बोलायची मोकळीक मी घेतो: आपण गेममध्ये बाई कशी घडवतो.

१९८६ साली निन्टेन्डोचा ‘मेट्रॉइड’ आला. परग्रहावरच्या बोगद्यांतून एकट्याने लढत जाणारा चिलखतातला योद्धा. इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख पुरुष म्हणूनच होता. गेम लवकर संपवला की शेवटी शिरस्त्राण उतरतं आणि कळतं, सॅमस अरान ही बाई आहे. या धक्क्याचं कौतुक आजही होतं, आणि ते रास्त आहे. पण पुढचा भाग सांगताना लोक जरा घाईत असतात. गेम आणखी झपाट्याने संपवला तर चिलखतच जातं, आणि तासाभराच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी राहते. गेमभर जिने स्वतःच्या हिमतीवर लढा दिला, तीच शेवटी खेळणाऱ्याचं बक्षीस झाली. मारिओ वेळेआधी पोहोचला म्हणून त्याचे कपडे उतरवल्याचं मला तरी आठवत नाही.

मारिओचा विषय निघालाच आहे, तर २००५ चा ‘सुपर प्रिन्सेस पीच’ आठवा. वीस वर्षं पळवून नेली जाणारी राजकन्या अखेर मारिओलाच सोडवायला निघाली. हातात छत्री, आणि अंगी शक्ती कोणत्या? आनंद, संताप, दुःख, शांती. रडली की अश्रूंनी रोपं वाढतात, चिडली की आगीचा लोळ उठतो. मारिओ इतकी वर्षं उड्या मारतो आहे, त्याच्या मनःस्थितीसाठी कुणी एक बटणसुद्धा खर्च केलेलं नाही.

असं काही बोललं की प्रश्नोत्तरांत एक हात हमखास वर होतो. ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटॉस तरी कुठे अंगभर कपडे घालतो? पुरुषांचे देहही अशक्यच असतात की! मुद्दा अर्धा खरा आहे. पण क्रेटॉसच्या मागे धावणाऱ्या खेळाडूला क्रेटॉस व्हायचं असतं. त्या दंडांत त्याला स्वतःची ताकद दिसते. कॅमेरा त्याच्या पाठीशी राहून समोरच्या शत्रूकडे बघतो. बाईच्या बाबतीत तोच कॅमेरा शत्रूला विसरून तिच्याकडेच बघत राहतो. शिवाय क्रेटॉसला वय वाढवायची मुभा आहे. २०१८ च्या गेममध्ये तो दाढीवाला, थकलेला बाप झाला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ‘होरायझन’ची एलॉय मात्र जंगलात यंत्रांची शिकार करणारी मुलगी. २०२१ मध्ये दुसऱ्या भागाची दृश्यं आली, तर काही जण तिच्या गालावरची लव मोजत बसले. त्याआधीच्या वर्षी ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात ॲबीचे दंड पीळदार दाखवले, तर बाईचं असं शरीर असूच शकत नाही म्हणून आरडाओरडा झाला. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला तर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शरीर अशक्य आहे ही तक्रार ज्यांनी अर्ध्या कपड्यांच्या शेकडो स्त्री योद्ध्यांबद्दल कधी केली नाही, त्यांनाच ॲबीला पाहून शरीरशास्त्र आठवलं.

मादकतेला माझा विरोध नाही, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर चहाच्या वेळी मला सोवळा ठरवाल. ‘बायोनेटा’ या गेमच्या नायिकेचं रूप मारी शिमाझाकी या स्त्री चित्रकर्तीने घडवलं. त्या पात्राला आपण कशा दिसतो याची पुरती जाण आहे आणि ती त्यात मजा घेते. पुरुष पात्र नुसतं असलं की पुरतं. बाई दिसली की ती का आहे, अशी का आहे, याचा खुलासा मागितला जातो. माझा आक्षेप त्या खुलाशाला आहे.

आपल्या धंद्याला सगळ्यात जवळचा खुलासा पैशाचा. २०१४ मध्ये युबीसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये चार जणांनी मिळून खेळायची सोय होती. चारही पुरुष. विचारणा झाली तेव्हा उत्तर आलं की बाई घ्यायची तर ॲनिमेशन, पोशाख सगळं दुप्पट करावं लागेल, हजारो ॲनिमेशन्स नव्याने लागतील. याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या जोनाथन कूपर या ॲनिमेटरने जाहीरपणे सांगितलं, हे एक-दोन दिवसांचं काम आहे. त्याने दाखलाही दिला: मालिकेतल्याच ॲव्हलीन या नायिकेच्या बऱ्याच हालचाली कॉनर या नायकाकडून जशाच्या तशा आलेल्या होत्या. एक-दोन दिवस हा आकडा मला जरा धाडसी वाटतो, पात्रांना हाडं-सांधे बसवणाऱ्या आपल्यातल्या रिगिंगवाल्यांनाही वाटेल. पण दुप्पट? आणि गेम कुठला, तर फ्रेंच राज्यक्रांतीचा. १७९३ मध्ये क्रांतीचा पुढारी मरा याला त्याच्या न्हाणीटबात भोसकणारी शार्लोट कॉर्दे, त्या क्रांतीतली सर्वांत गाजलेली मारेकरी, बाईच होती.

पुढे २०१८ च्या ‘ओडिसी’त कसांड्रा आली. तिच्या जोडीला अलेक्सिओस हा भाऊ, दोघांतून एक निवडायचा. कसांड्रा एकटीच नायिका व्हायची होती, पण बाईच्या नावावर गेम खपत नाही म्हणून भावाला पुढे आणलं गेलं, असं २०२० च्या बातम्यांतून बाहेर आलं. खर्चाचा खुलासा टिकला नाही की बाजाराचा पुढे येतो. ‘मास इफेक्ट’मध्येही शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष घ्या किंवा बाई, पण पहिल्या दोन्ही गेमच्या वेष्टनावर पुरुषच. लोकांपुढे आणलीच नाही, तर ती खपत नाही हे कळलं कसं?

याला आपल्या पुण्यातून एक उत्तर गेलं. नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी सर्कशीत वाढलेली आहे. तिच्या कोलांट्या, भिंतीवरची धाव, सगळं तिच्या पेशातून येतं. तिच्या अंगाला जी चपळाई आहे ती तिच्या कामाची आहे. लढाई काही ठिकाणी अडखळते, ती चर्चा वेगळी. पण बहीण भावाला सोडवते यासाठी गेम क्षणभरही थांबून खुलासा देत नाही.

आपल्यातले बरेच जण परदेशी स्टुडिओंसाठी मॉडेल आणि स्किन करून देतात. आराखडा तिकडून येतो, आपण पूर्ण करतो, वाद घालायला जागा कमी, हे मला ठाऊक आहे. तरी चिलखताचं चित्र आल्यावर ‘छाती उघडी आहे, वार कुठे अडणार?’ एवढं तरी लिहून विचारता येतं. मुळातली गोम मात्र आपल्याच हातात आहे. पहिला ढाचा आपण सवयीने पुरुषाचा करतो, सगळी हाडं त्याच्या मापाने बसवतो, आणि बाई महिनाभराने जादा काम म्हणून येते. मग ती महाग पडणारच.

दुपारच्या कार्यशाळेत आपले तंत्रज्ञ सुरुवातीलाच दोन्ही शरीरं मांडून तीच धाव, तीच चढाई, तोच वार दोघांवर बसवून दाखवणार आहेत. कुठे सांधे बिघडतात, कुठे नाही, ते पडद्यावर दिसेल. मी घड्याळ लावून पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि जो आकडा येईल तो कार्यवाहांनी इतिवृत्तात नोंदवावा, अशी माझी सूचना आहे.