वाट दाखवणाऱ्याचा वाटा
(संघाच्या मासिक सभेतलं भाषण)



आज हिशोबाची वही उघडायच्या आधी एका पाखराची गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे, आफ्रिकेतली आहे.

मोझांबिक देशात न्यासा नावाचं मोठं जंगल आहे. तिथले याओ लोक झाडाच्या ढोलीतला मध काढतात. त्यांना पोळ्याची वाट दाखवतं एक पाखरू, हनीगाइड. हे पाखरू कुणी पाळलेलं नाही, शिकवलेलं नाही. माणूस ‘ब्रर्र-हम्’ असा आवाज काढतो. पाखरू जवळ येऊन चिवचिवतं, या झाडावरून त्या झाडावर जात पुढं निघतं आणि पोळ्यापाशी थांबतं.

पाखराला पोळं ठाऊक असतं, पण फोडता येत नाही. माणसाकडं कुऱ्हाड असते, धूर असतो, पण पोळं कुठं ते ठाऊक नसतं. म्हणून मध माणसाला, मेण पाखराला. हो, हे पाखरू मेण खातं आणि पचवतं! याओ लोक त्याच्यासाठी मेणाचे तुकडे हिरव्या पाल्यावर काढून ठेवतात.

क्लेअर स्पॉटिसवुड या संशोधक बाईंनी 2016 साली हे तपासून दाखवलं. ‘ब्रर्र-हम्’ म्हटलं, तर पोळं सापडायची शक्यता दुसऱ्या आवाजांपेक्षा तिपटीहून जास्त. टांझानियातले हाड्झा लोक मात्र शीळ घालतात आणि तिथली पाखरं शिळेलाच जास्त दाद देतात. जशी माणसं, तशी बोली.

आपल्या हिमालयातही या कुळातलं एक पाखरू आहे. तेही मेण खातं, पण माणसाला वाट दाखवत नाही.

आता आमच्या गटाची चूक सांगते. आम्ही चिंचेचा धंदा केला. कोणत्या बांधावरच्या झाडाची चिंच गरदार, ते एका आजींनी आम्हाला हिंडून दाखवलं. नफा वाटताना, ‘त्या सभासद नाहीत’ म्हणून त्यांचं नाव यादीत घेतलं नाही. पुढच्या वर्षी बोलवायला गेलो, तर म्हणाल्या, “गुडघे दुखतात गं.” गुडघे आदल्या वर्षीही दुखत होते. त्या वर्षी निम्मी चिंच किडकी निघाली.

मग आम्ही ठराव केला, वाट दाखवणाऱ्याचा वाटा आधी काढायचा. आजी आता येतात, आमच्या सुनांनाही झाडं दाखवतात.

तायांनो, आज वाटप करताना यादी एकदा वाचा. तुम्हाला वाट कुणी दाखवली? तिचं नाव त्यात आहे का?