जुन्या टपालाचे दप्तर

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५९५ साली दफ्तरखाना स्थापन केला आणि दियोगु दो कोउतु या इतिहासकाराला त्याचा रक्षक नेमले. लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून होई. तो बांधून ठेवलेल्या बाडांना मान्सूनची बाडे असेच नाव पडले. पुढे साखळीपासून फार दूर नसलेल्या पिसुर्ले गावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दफ्तरखान्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली व मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यातून उजेडात आणली. ती पत्रे लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. त्यांना फक्त हुकूम कळवावयाचे होते, पैसे मागावयाचे होते.

आजच्या कचेरीचे टपाल कागदावर नाही. ते एका खोलीत घरघरणाऱ्या यंत्रात, म्हणजे ईमेलच्या सर्व्हरमध्ये साठलेले आहे. साखळी आणि डिचोलीच्या आसमंतातील खाण कचेऱ्यांचेच उदाहरण घ्यावे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणकाम थांबले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा बंद पडले. २०२२ च्या अखेरीस नवे लिलाव सुरू झाले. पट्टा दुसऱ्याच्या हाती जातो, परंतु कामगाराची थकबाकी, ट्रकमालकाचे भाडे, वजनकाट्यावरील नोंदीचा वाद हे सारे मागेच राहते. त्या वादाचा निवाडा करणारे पत्र कदाचित निवृत्त झालेल्या एखाद्या कारकुनाच्या टपालपेटीत असते, आणि ती पेटी ‘आता कोण पाहतो?’ म्हणून सर्वांत आधी पुसली जाते.

मग यंत्र तसेच चालू ठेवावे काय? तेही धोक्याचे. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या टपाल सर्व्हरातील काही छिद्रे जाहीर झाली, आणि ती बुजविण्यापूर्वीच जगभरातील हजारो कचेऱ्यांत चोर शिरले. त्याच सर्व्हरच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्याची डागडुजी करणारा कोणी उरला नाही असे घर रस्त्याकडे दार उघडे टाकून ठेवण्यासारखेच हे आहे.

यास्तव निरोप द्यावयाचाच, परंतु क्रमाने. प्रथम पेट्यांची मोजदाद व्हावी: चालू माणसांच्या, गेलेल्या माणसांच्या, आणि ‘लेखा’ किंवा ‘खरेदी’ अशा कोणाच्याच नसलेल्या पेट्यांचीही. नंतर टपाल नव्या ठिकाणी न्यावे आणि जगाला नवा पत्ता सांगणारी नोंद बदलावी. ही नोंद निरनिराळ्या यंत्रांच्या स्मरणात काही काळ जुनीच राहते. म्हणून तिची मुदत आधीच आखूड करून ठेवावी व जुने यंत्र आणखी काही दिवस ऐकत ठेवावे. बंद दारावर आलेले पत्र बहुधा लगेच परत फिरत नाही, पाठविणारे यंत्र चारपाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तेवढ्यावर विसंबणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. माणसे नव्या ठिकाणी गेली तरी यंत्रे जुन्याच दाराशी टपाल टाकीत असतात. छपाईयंत्र, कागदाची प्रतिमा काढून धाडणारे यंत्र, वजनकाट्याचा संगणक, हजेरीची प्रणाली ही सारी मूक मंडळी तक्रार करीत नाहीत. महिनाअखेरीस पगारपत्रक पोचले नाही की मग शोध सुरू होतो. सर्व्हरच्या नोंदवहीत कोण कोण टपाल टाकतो ते आठवडाभर पाहिले तर ही धांदल टळते.

आणि सर्व्हर नुसता वीज तोडून बंद करू नये, रीतसर काढावा. तसे न केल्यास कचेरीच्या निर्देशिकेत त्याचे नाव भुतासारखे राहते, आणि माणसांच्या संगणकांवर अपरिचित इशारे येऊ लागतात.

आता दप्तर. अनेक कचेऱ्यांत सर्व पेट्या पीएसटी धारिकांत उतरवून एक चकती कपाटात ठेवतात आणि काम झाले असे समजतात. गोव्याचा पावसाळा, दमट कपाट आणि एकच प्रत, यांचा मेळ बसत नाही. प्रती निदान दोन असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत. उतरविलेली पत्रे मोजून मूळ संख्येशी ताडावीत, आणि पाचदहा पत्रे जोडपत्रांसह खरोखर उघडून पाहावीत. प्रत्येक धारिकेचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठराविक आकडा, त्याच दिवशी लिहून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखविताना जे प्रमाणपत्र लागते, त्यात हा आकडा नमूद करावा लागतो. सर्व्हर भंगारात गेल्यानंतर मूळ कोठून आणणार?

एखादा दावा चालू असेल तर त्याच्याशी संबंधित काहीही पुसू नये. बाकीच्या टपालाची मुदत वकील व हिशेबनीस यांना विचारून ठरवावी. शेवटी जुन्या चकत्या. त्या नुसत्या पुसून भंगारवाल्याला देऊ नयेत; फोडाव्यात किंवा खात्रीने नष्ट कराव्यात, त्यांचे क्रमांक टिपून. दप्तराची किल्ली दोघांपाशी असावी, आणि ती दोन नावे कचेरीच्या वहीत कागदावर लिहिलेली असावीत.