पोरगा टेलिकॉमला जातो म्हणतो
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा चालू असताना एक भाऊ उठले. म्हणाले, "साहेब, पोरगा बारावी सायन्स झाला, टेलिकॉमला जातो म्हणतो. दोन एकर काढू का?"

काढू नका. आधी हिशेब मांडा.

इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदवी चार वर्षांची. पण बारावी सायन्सच्या पोराला तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. दोन वर्षांत डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एक वर्ष जास्त जातं, पण मधेच पाऊस दगा देऊन गेला तर पोराच्या हातात कामाचा कागद असतो. शासकीय तंत्रनिकेतनाची फी एका बैलाच्या किमतीपुढे काहीच नाही.

१९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाचा बाजार भरला. डोनेशनला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माझ्याच नात्यातल्या एकाने 'इमारत निधी' म्हणून पैसे मोजले, पावतीसुद्धा मिळाली नाही. प्रवेश कॅप राऊंडमधूनच घ्या. फीसवलत त्यातच असते, मॅनेजमेंट कोट्यात नाही.

आता नोकरीचं. पूर्वी टेलिफोन खात्यात चिकटला की जन्माची ददात मिटली म्हणायचे. ते खातं २००० साली बीएसएनएल झालं आणि २०१९ च्या स्वेच्छानिवृत्तीत तिथले सुमारे ७८ हजार लोक घरी गेले. आज टॉवरचं आणि फायबरचं बरंचसं काम ठेकेदाराकडे आहे. पोराला पहिल्या दिवशी विचारायला लावा, प्रॉव्हिडंट फंड कापता का?

पण काम खरं आहे, हेही सांगतो. रस्त्याकडेला जेसीबी लागला की केबल तुटलीच. तुटली कुठे, हे शोधायला एका टोकाकडून काचेच्या तारेत उजेडाचा ठोका सोडतात. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोसेकंद म्हणतात. ठोका तुटल्या जागेवर आपटून पन्नास मायक्रोसेकंदांत परत आला, तर जाण्यायेण्याचा रस्ता दहा किलोमीटर, म्हणजे बिघाड पाच किलोमीटरवर. मग तिथे खणून केसासारख्या तारा यंत्राखाली वितळवून जोडायच्या. हे ज्याच्या हाताला बसलं, त्याला काम शोधत फिरावं लागत नाही. पदवीवाल्याला यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे, त्यात टेलिकॉमची वेगळी शाखा असते.

आणि एक. बैठकीत पोरीचं कोणी विचारलं नाही. तार जोडायला अंगातलं बळ लागत नाही, नजर आणि संयम लागतो. कापूस वेचणाऱ्या हातांना तो शिकवायला नको. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, कॅपमधून गेलेल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी २०२४ पासून राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. त्या भावाला धाकटी लेक आहे, दहावीत. तिची गुणपत्रिका घेऊन या म्हटलं आहे.